भट्टीचं बारसं

एका राज्यात नदीची वाळू पांढरीशुभ्र होती आणि राजाला धीर म्हणून नव्हता. वाळू चांगली म्हणून तिथे काच उत्तम व्हायची, आणि राजाला धीर नव्हता म्हणून ही गोष्ट घडली. दोन्ही ठीकठाक असतं तर मी काय सांगितलं असतं आणि तुम्ही काय ऐकलं असतं?

वेशीबाहेर, नदीच्या वळणावर, काचाऱ्यांची भट्टी होती. राज्यातल्या बायकांच्या गळ्यातले मणी आणि हातातल्या बांगड्या तिच्यातूनच निघत. भट्टी साधीसुधी नव्हे. कैक पिढ्यांमागे वह्निनाथ नावाच्या मांत्रिकाने आपल्या तळहातावरचा विस्तव तिच्या पोटात ठेवला होता, आणि तो तेव्हापासून विझला नव्हता. ठेवताना तो म्हणाला होता, "हा विस्तव जे जन्माला घालील, ते बारशाआधी कुणी पाहायचं नाही. पाहिलं, तर आतला वारा ज्याला लागेल त्याची काच होईल."

"हा शाप आहे का, महाराज?" काचाऱ्यांनी विचारलं.

"ही रीत आहे," मांत्रिक म्हणाला. "मोडलीत तर शाप."

तेव्हापासून काचारी भट्टीला बाळंतीण म्हणत. मणी भरले, जाळ देऊन झाला, की तिचं तोंड मातीने लिंपायचं. वर कडुनिंबाचा डहाळा खोचायचा. मग ती आपली आपण निवेपर्यंत तिच्यापाशी मोठ्याने बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही, आणि 'झालं का?' असं तर विचारायचंच नाही. बाळंतिणीला कुणी विचारतं का, बाई, कधी उठतेस म्हणून? काच घाईने गार झाली की आतल्या आत तडकते, हे त्यातलं खरं कारण. पूर्ण निवल्यावर सकाळच्या उन्हात तोंड उघडायचं, त्याला बारसं म्हणायचं. आणि बारशाचा पहिला मणी माणसांचा नव्हे. तो दोऱ्यात ओवून भट्टीच्याच गळ्यात बांधायचा.

ही भट्टी दोघं भावंडं सांभाळत. थोरली गोजरा, धाकटा सिदू. आईबाप लवकर गेले, तेव्हा गोजरेने सिदूला काखेत घेऊन जाळ घातला आणि पाठीशी बांधून मणी ओढले. तो मोठा झाला तो भट्टीच्या उबेत आणि अक्काच्या धाकात. आता तो लाकूड फोडायचा, जाळ बघायचा, आणि अक्का मणी करायची. तिच्यासारखा हात त्या राज्यात दुसरा नव्हता. पण गोजरेला एक खोड होती. मणी चांगला उतरला की तो कुणाला तरी दाखवून 'वा' ऐकल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

आता राजाकडे वळू. राजा प्रतापकेतूचं लग्न ठरलं. आधीच घाईचा, त्यात लग्नाचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय? नवरीसाठी काचमण्यांचा हार करायला त्याने सांगितलं, आणि थोडे दिवस जातात न जातात तोच घोड्यावर बसून स्वतः भट्टीपाशी आला. तोंड नुकतंच लिंपलेलं, डहाळा अजून हिरवागार.

"झालं का?" राजाने विचारलं.

सिदू हात जोडून म्हणाला, "महाराज, भट्टी निवते आहे."

"कधी निवेल?"

"ते तिला ठाऊक."

राजाने लगाम वळवला. "मग राहू दे. सोनाराकडून मोत्यांचा हार घेतो."

गोजरेच्या काळजात कळ आली. त्या खेपेत तिने असा रंग साधला होता, जो तिच्या आईलाही साधला नव्हता. मोरपिशी. तो रंग आत असताना नवरीच्या गळ्यात मोती पडणार? ती चटकन पुढे झाली आणि म्हणाली, "थांबावं, महाराज. एक ढेकूळ काढते. फटीतून नुसतं बघून घ्यावं."

"अक्का, नको," सिदू म्हणाला. पण तिचा हात मातीवर पडलाही होता.

गार वारा आत गेला. आतून टिच, टिच, टिच असा आवाज झाला, आणि सगळ्या खेपेचं काम त्यात गेलं. मग आतला वारा बाहेर आला. सिदूने धावत जाऊन फटीला पाठ लावली, अक्काला वाचवावं म्हणून. वारा त्याच्या पाठीतून शिरला, पुढे गेला आणि राजाला लागला. गोजरा बाजूला उभी होती, तिला झुळूकही लागली नाही. जिने रीत मोडली तिला काही झालं नाही आणि ज्याने अडवलं त्याची काच झाली. शाप न्याय बघत नाहीत.

सिदू उभ्याउभ्या पारदर्शक झाला. त्याच्या छातीतून पलीकडची नदी दिसू लागली. घोड्यावरचा राजाही काचेचा झाला. भट्टीची भिंत उभी फाटली, तोंड ढासळलं, आणि वह्निनाथाचा विस्तव राखेखाली जाऊन दडला.

राजाला कापसाच्या गाद्यांवर निजवून राजवाड्यात नेलं. प्रधान म्हणाला, "हिला तुरुंगात टाका." पण राजमाता मृगावती हुशार बाई. तिने गोजरेकडे नीट पाहिलं.

"तुझाही भाऊ गेलाय," राजमाता म्हणाली.

"गेला नाही. काच झालाय," गोजरा म्हणाली. "काचेचं काम मला येतं. मी त्याला परत आणीन. तुमचा मुलगाही आणीन."

"थंडीच्या आत आण. थंडीने काच आपोआप तडकते, असं म्हणतात."

"खरं म्हणतात," गोजरा म्हणाली, आणि निघाली.

घरी येऊन तिने सिदूला गोधडीत गुंडाळलं आणि भुशाच्या ढिगात ठेवलं. मग ती फुटलेल्या भट्टीच्या राखेत हात घालून बसली. सगळी खेप भुगा झाली होती. त्या भुग्यात एकच मणी तिच्या बोटांना अखंड लागला. मोरपिशी. तिने तो उन्हात धरून पाहिला आणि तिला आधी त्याचा अभिमान वाटला, मग स्वतःची शिसारी आली. तिने तो कनवटीला खोचला. दाखवायला आता होतं कोण?

तेवढ्यात भट्टीच्या पडक्या भिंतीवर एक भारद्वाज येऊन बसला. तांब्याचे पंख, विस्तवाचे डोळे. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, पण हा पक्षी स्वभावाने फार तिरसट होता.

"रडून झालं का?" त्याने विचारलं.

"तू बोलतोस?"

"तू ऐकतेस का, ते सांग. काच झालेला माणूस भट्टीतून पुन्हा माणूस होतो. पण योग्य भट्टीतून, आणि एकदाच. भट्टी चुकली तर तडा. तडा गेला की मग शिंपले गोळा करावेत तसा भाऊ गोळा कर."

"माणूस मावेल एवढी भट्टी कुठे आहे?"

"चार आहेत. डोंगरातल्या अंगारकाची, तळ्यातल्या लखलखीची, आणि रानातल्या ढेकळ्याची."

"आणि चौथी?"

"मी तिच्यावर बसलोय," पक्षी म्हणाला.

गोजरेने त्या फुटक्या भिंतीकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिला भट्टीच्या तोंडाकडे बघवेना. "ती मेली," ती म्हणाली. "तीन बघते." तिने आपल्या काचेचे तीन कच्चे मणी पदरात बांधले. भाऊ घालण्याआधी मणी घालून बघायचा, एवढं तिचं ठरलं होतं. सिदूच्या काचेच्या हातावरून तिने हात फिरवला, तेव्हा करंगळीशी केसासारखी एक रेघ तिच्या बोटाला लागली. कालपर्यंत ती नव्हती.

पहिली भट्टी अंगारकाची. डोंगराच्या पोटात तो जादूगार सोनं आणि लोखंड वितळवत बसलेला असे, आणि त्याच्या भात्याचे सूर गावभर ऐकू येत.

"आत यायचं तर मोल पडेल," अंगारक म्हणाला.

"काय?"

"तुझी आसवं. माझ्या जाळाला पाणी सोसत नाही."

"घे."

त्याने सांडशीने तिच्या डोळ्यांतून आसवं ओढून काढली आणि तांब्याच्या डबीत बंद केली. "शाप सुटला तर डबी आपोआप उघडेल," तो म्हणाला. मग गोजरेने मणी भट्टीत ठेवला. ठेवला म्हणेपर्यंत त्याचा थेंब झाला, आणि थेंब म्हणेपर्यंत तो वाहून गेला.

"बघितलीस ताकद?" अंगारकाने मिशीला पीळ दिला.

"बघितली. पण मला भाऊ वितळवायचा नाही, जागा करायचा आहे."

"लोखंडाला याहून चांगली भट्टी नाही."

"लोखंडाला खरंच नाही," गोजरा म्हणाली आणि त्याला नमस्कार करून डोंगर उतरली. रडू येईल असं वाटलं, पण डोळे कोरडे. मग तिने पावलं भरभर टाकली.

दुसरी भट्टी लखलखीची. तळ्याच्या मधोमध तिचा महाल. ही चेटकीण राण्यांच्या दागिन्यांवर मीना चढवायची. तिची भट्टी स्फटिकाची, नाजूक, तिला पुढे खिडकी आणि खिडकीला चांदीची कडी. बोट दाखवलं की तापे, बोट वळवलं की निवे. आत काय चाललंय ते हवं तेव्हा बघा, हवं तेव्हा उघडा. गोजरा बघतच राहिली.

"मला झोप येत नाही," लखलखी म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "सगळं दिसत राहतं, म्हणून डोळा लागत नाही. तुझी झोप दे, मग मणी घाल."

"घे. शाप सुटला की परत दे."

लखलखीने तिच्या पापण्यांवरून मोरपीस फिरवलं आणि झोप काढून आपल्या उशीखाली ठेवली. मणी आत गेला, आणि पान खाऊन होईपर्यंत बाहेर आला. नितळ, गोल, झळझळीत.

"हीच," भारद्वाज म्हणाला. "चल, भावाला आण."

गोजरेचा जीवही तिथेच अडकला होता. या खिडकीतून सिदू सारखा दिसत राहील. जरा काही वाटलं की कडी काढायची. तिने एकवार वाटेकडेही पाहिलं, सिदूला आणायला किती वेळ लागेल याचा अंदाज घेत. पण हात सवयीने चालला. काचारी नवा मणी ओल्या फडक्यात बांधून ठेवतात, आणि घाईने निवलेला असेल तर तो तिथे कबूल करतो. तिने मणी बांधला. सकाळी फडकं सोडलं, तर आत दोन अर्धुकं.

लखलखी जांभई देत आली. किती वर्षांनी तिला झोप लागली होती. "माझ्या मीन्याला असं कधी होत नाही," ती म्हणाली.

"मीना पातळ असतो, बाई. तो लगेच निवतो. माणूस जाड असतो."

"मग माझी भट्टी वाईट?"

"वाईट नाही. तिचं काम वेगळं," गोजरा म्हणाली. पक्षी तळ्यावरून उडताना मुद्दाम मागे मागे राहिला.

तिसरी भट्टी ढेकळ्या राक्षसाची. हा कुंभार. रानात त्याचा आवा, टेकडीएवढा, वर गवत-माती घातलेला, आत मडक्यांच्या उतरंडी. ढेकळ्या दिसायला भयंकर आणि बोलायला अगदी गरीब.

"मला मोल नको," तो म्हणाला. "माझे पाय दुखतात. तेवढी माती तुडवून दे."

गोजरेने माती तुडवली. झोप नव्हती, त्यामुळे थांबायचं कशाला? माती लोण्यासारखी मऊ झाली, तेव्हा राक्षसाने मणी आव्यात ठेवू दिला. आवा सावकाश तापला, सावकाश निवला. गोजरेने मणी ओल्या फडक्यात बांधला आणि सकाळी सोडला. अखंड. मग मणी फिरवून बघितला, तर एक बाजू धुराने काळीठिक्कर आणि दुसरी कच्ची.

"मडक्याला चालतं," ढेकळ्या म्हणाला. "डाग पडला तरी पाणी गारच राहतं."

"माझा भाऊ अर्धा कोळसा होईल."

"होईल खरा," राक्षस प्रामाणिकपणे म्हणाला. त्याने डोकं खाजवलं. "तुमच्या गावात भट्टी नाही का?"

"आहे. फुटकी आहे."

"कुणी फोडली?"

डोळ्यांत पाणी यावं अशी ती वेळ, पण पाणी डबीत. तिला ते कोरड्या तोंडानेच म्हणावं लागलं. "मी."

"मग सांध की," ढेकळ्या म्हणाला, आणि तिने तुडवलेली माती टोपलीत भरून तिच्या डोक्यावर ठेवली. "ही घेऊन जा. तुझ्या पायांची आहे."

गोजरा वाटेने चालत होती आणि मनाशी बोलत होती. जाळ हवा, पण लोखंड वितळवणारा नको. बंद तोंड हवं, खिडकी नको. निवणं सावकाश हवं, पण चहूबाजूंनी सारखं. अशी भट्टी कुठे मिळेल? अहो, अशी भट्टी तिच्या आजीच्या आजीने बांधून ठेवली होती. तिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नुसतं तिच्यापुढे जाऊन उभं राहायची लाज वाटत होती.

"तीन हेलपाटे घातलेस," भारद्वाज म्हणाला.

"घातले. आता गप्प बस," गोजरा म्हणाली.

घरी आली, तर हवेत गारवा आला होता. सिदूच्या करंगळीची रेघ मनगटापर्यंत चढली होती. ती टोपली घेऊन थेट भट्टीपुढे गेली आणि पदर खोचून कामाला लागली. भिंत सांधली. तोंड रचलं. वर लिंपण घातलं. सकाळी बघते तो सगळं लिंपण गळून खाली पडलेलं. पुन्हा लिंपलं, पुन्हा पडलं. शेण घालून लिंपलं, भुसा घालून लिंपलं, भट्टी काही धरीना.

"माती वाईट आहे का?" तिने पक्ष्याला विचारलं.

"माती चांगली आहे. भट्टी रुसली आहे. तिचं काही देणं राहिलंय का, आठव."

गोजरा खाली बसली आणि तिला आठवलं. त्या खेपेचं बारसं झालंच नव्हतं. पहिला मणी भट्टीला मिळालाच नव्हता. तो तिच्या कनवटीला होता.

तिने मणी काढला. असा मणी तिच्या हातून पुन्हा उतरेल की नाही कोण जाणे. तो कुणी पाहिला नव्हता. राजाने नाही, सिदूने नाही, भारद्वाजानेही नाही. तिला वाटलं, सिदू उठेपर्यंत ठेवावा, त्याला तरी दाखवावा. नाहीतर निदान या पक्ष्याला. पक्षी कुतूहलाने पुढे सरकला, तशी तिने मूठ मिटली.

"तिकडे बघ," ती पक्ष्याला म्हणाली.

पक्ष्याने मान वळवली. गोजरेने मणी मातीच्या गोळ्यात खोल दाबला आणि तो गोळा भट्टीच्या तोंडाशी, भिंतीच्या आतल्या अंगाला थापला. वरून हात फिरवून सपाट केला. "हा तुझा," ती भट्टीला म्हणाली. "कुणालाही दिसणार नाही. मी चुकले." या वेळी लिंपण धरलं. आणि राखेखाली वह्निनाथाचा विस्तव डोळा उघडावा तसा लाल झाला.

राजमाता पालखीतून आली, मागून गाद्यांवर राजा आला. भट्टीत एका वेळी एकच माणूस मावत होता. प्रधान म्हणाला, "आधी महाराज."

"आधी माझा भाऊ," गोजरा म्हणाली.

"तोंड सांभाळून बोल."

"भट्टी फुटकी होती, प्रधानजी. मी सांधली आहे. धरेल असं मला वाटतं, पण ठाऊक कुणालाच नाही. पहिली खेप धोक्याची. ती माझ्या रक्ताची असू दे."

राजमातेने प्रधानाला हाताने थांबवलं. मग म्हणाली, "तिचा भाऊ आत ठेवा."

सिदूला आत निजवलं. गोजरेने मंद जाळ घातला, मग जरा मोठा, मग आणखी मोठा, आणि काच नुसती लाल होईल तिथे थांबवला. तोंड लिंपलं. कडुनिंबाचा डहाळा खोचला. मग भट्टीपुढे मांडी घालून बसली. झोप लखलखीच्या उशीखाली होती, त्यामुळे डुलकी लागायची भीती नव्हती.

काही दिवसांनी प्रधान आला. "नवरीकडचे येऊन बसलेत," तो म्हणाला. "राजा कुठे आहे म्हणून विचारतात. झालं का?"

गोजरेने डहाळ्याकडे बोट दाखवलं.

"उघड म्हणतो मी. शिपाई, तोंड फोडा."

शिपाई पुढे झाले. तोच राजमातेची पालखी आली; ती उतरली, पैठणी सावरली आणि गोजरेच्या शेजारी राखेत मांडी घालून बसली. शिपाई थबकले, एकमेकांकडे बघू लागले आणि आल्या वाटेने गेले. प्रधान दमानेच मागे फिरला, कारण बाळंतिणीपाशी पाय आपटायचा नसतो हे त्यालाही आता कळलं होतं.

मग एके दिवशी आतून आवाज आला. टिच.

भारद्वाजाचे पंख फुलले. "तडकलं गं," तो म्हणाला. त्याचा तिरसटपणा कुठल्या कुठे गेला. "उघड, अजून काही वाचेल."

गोजरेचे दोन्ही हात मांडीवरून उठले. हाच आवाज तिने त्या दिवशी ऐकला होता. तिने हात परत मांडीवर ठेवले आणि एकात एक अडकवून घट्ट दाबून धरले. "तडकलं असेल तर उघडून जुळणार नाही," ती म्हणाली. "नसेल तर उघडून तडकेल."

आणि मग, भर दुपारी, उन्हाने नदी चमकत असताना, भट्टीतून हाक आली.

"अक्का."

राजमातेने तोंडावर हात ठेवला.

"अक्का, मी आहे. फार गरम होतंय. दार उघड."

आवाज सिदूचा होता. लहानपणी ताप आला की तो असाच हाक मारायचा. गोजरेला कळेना, हा शाप बोलतोय की तिचा भाऊ. शाप असेल तर उघडायचं नाही, हे सोपं. पण भाऊ असेल तर? तो आत होरपळत असेल तर? आसवं असती तर ती रडली असती, आणि रडली असती तर विरघळली असती, आणि मग हात तिचे राहिले नसते. डोळे कोरडे होते म्हणून तिला डहाळा स्पष्ट दिसत होता. त्याची पानं अजून ओली होती. भट्टी निवली नव्हती.

"सिदू," ती म्हणाली, अगदी हळू, कारण तिथे मोठ्याने बोलायचं नसतं. "तू असशील तर ऐक. मी इथे आहे. कुठेही गेलेले नाही. पण उघडणार नाही."

"अक्का."

"मी इथे आहे."

तो हाक मारी आणि ती उत्तर देई. दुपार गेली, दिवस गेले. हाक बारीक होत गेली आणि मग थांबली. ते गप्प होणं हाकेपेक्षा वाईट होतं. तरी गोजरा उठली नाही. डहाळ्याची पानं वाळली, पिवळी पडली, आणि एका सकाळी वारा नसताना सगळी गळाली. गोजरेने भिंतीला गाल लावला. भिंत तिच्या गालाएवढीच गार होती.

तिने लिंपणाचं एकेक ढेकूळ हाताने काढलं. आत अंधार होता आणि राखेचा वास होता. मग आतून कुणीतरी खोकललं.

सिदू गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. अंगाला राख, डोळे मिचमिचे, केस उभे. छातीतून नदी दिसत नव्हती. करंगळीपासून मनगटापर्यंत एक पांढरा व्रण तेवढा होता. रेघ आत जुळून आली होती, तिचाच तो 'टिच' आवाज.

"सिदू, ती हाक," गोजरा म्हणाली. "तो शाप होता ना?"

सिदूने डोळ्यांवरची राख पुसली.

"मीच होतो, अक्का," तो म्हणाला. "सोसेना म्हणून हाक मारत होतो. आणि प्रत्येक हाकेला मनात म्हणत होतो, उघडू नको, उघडू नको."

त्या वेळी डोंगरात तांब्याची डबी फटकन उघडली, आणि तळ्यातली लखलखी ताजीतवानी होऊन जागी झाली. गोजरेच्या डोळ्यांना पाणी आलं. आलं ते साठलेलं सगळं एकदम आलं. भावाच्या राखेने माखलेल्या खांद्यावर डोकं ठेवून ती मोठमोठ्याने रडली, भट्टीपाशी मोठा आवाज करायचा नसतो हे विसरून. बारसं झालं होतं, आता चालत होतं. आणि रडता रडता तिची झोपही परत आली. सिदूने तिला उचललं, गोधडीवर ठेवलं आणि पांघरूण घातलं.

"झोप," तो म्हणाला. "राजाला मी भरतो."

राजा भरला, तापला, निवला. थंडी पडायच्या आत त्याचंही बारसं झालं. बाहेर आल्यावर त्याने काही विचारायला तोंड उघडलं, समोर आईला पाहिलं, आणि मिटलं. शाप पुरता सुटला. गोजरेने नवरीसाठी नवा हार केला, भट्टीला हवे तेवढे दिवस लागून तो तयार झाला, आणि राजा मांडवात गुपचूप बसून राहिला. म्हणतात की पुढे त्या राज्यात कुठलाही निकाल देण्याआधी राजा कडुनिंबाचा डहाळा सिंहासनाला खोचायचा आणि त्याची पानं वाळेपर्यंत थांबायचा.

गोजरेने पुढे पुष्कळ मणी केले आणि लोकांनी 'वा' म्हटलं. तो मोरपिशी मणी मात्र त्या भट्टीच्या भिंतीत आहे, आतल्या अंगाला, लिंपणाखाली. भट्टी पेटली की तोही तापतो आणि ती निवली की तोही निवतो. कसा दिसतो म्हणून मला विचारू नका. मी पाहिलेला नाही, आणि ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांनीही नाही.